घासलेल्या खिळ्यांचा फॉन्ट: इंग्रजी ओळ खरी वाटते, मराठी ओळ खोटी का वाटते?

अक्षरवेडी (शुक्रवार, रात्री ११:१२)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझ्या मामेभावाचं लग्न आहे, मार्गशीर्षात. त्याला पत्रिका हवी आहे आबांच्या पत्रिकेसारखी. आबा म्हणजे आमचे आजोबा, आईचे वडील, त्यांचं लग्न १९५८ सालचं, तेही मार्गशीर्षातलंच, आणि पत्रिका नागपुरात महालातल्या एका छापखान्यात खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलेली. आईनं ती इतकी वर्षं स्टीलच्या डब्यात दागिन्यांच्या पावत्यांखाली ठेवली होती म्हणून राहिली. जाड पिवळट कागद, कुंकवासारखी लाल शाई, कोपऱ्यांना हळदीचं बोट. मागच्या बाजूनं बोट फिरवलं तर अक्षरं उठलेली लागतात, उलटी. मी दोन मिनिटं तशीच बसून राहिली.

आता काम असं की पत्रिकेची एक बाजू मराठी आणि दुसरी इंग्रजी, कारण मुलीकडचे बंगळुरूचे. इंग्रजीला मी कॅस्लन अँटिक लावला, तो झिजलेल्या कडांचा जुना सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना शेपट्या असलेला, आणि तो पहिल्याच फटक्यात जमला. मराठीला एक बऱ्यापैकी जाड-बारीक रेघांचा फॉन्ट घेतला आणि त्याच्यावर फोटोशॉपात ग्रंज टेक्श्चर टाकलं, पांढरे ठिपके, ओरखडे, सगळं. भाऊ पाहून म्हणाला, "ताई, हे जुनं नाही वाटत, उंदरानं कुरतडल्यासारखं वाटतं." आणि त्याचं बरोबर आहे. चार रात्री झाल्या, ठिपके कमी करून पाहिले, बारीक करून पाहिले, कडा ब्लर केल्या, पण इंग्रजी ओळीशेजारी ठेवलं की मराठी ओळ खोटी पडते. नव्या पत्रिकेचा फोटो टाकला आहे. काहून होऊन राहिलं असं?

सक्करदरा_ऑफसेट (शुक्रवार, रात्री ११:४०)

ताई, डिझाइनचं बाकीचे सांगतील, मी प्लेटच्या बाजूचं सांगतो. टेक्श्चर ट्रेस करून व्हेक्टर केलं असेल तर तशी फाइल कुठं देऊ नका. मागच्या दिवाळीत आमच्याकडे एका हॉटेलचं मेनूकार्ड आलं होतं, असाच झिजका फॉन्ट आणि अख्खा मेनू त्यातच, एकेका अक्षराच्या कडेला हजारावर पॉइंट, म्हणजे रेघ धरणारे बिंदू. रिप, म्हणजे फाइलवरून प्लेट काढणारं सॉफ्टवेअर, दोनदा अडकला, तिसऱ्यांदा अर्धं पान कोरं निघालं, प्लेट वाया गेली नि रात्रीचे दोन वाजले. असा फॉन्ट शीर्षकाला ठीक, आठ ओळींच्या वर लावायचा असेल तर पॉइंट कमी करूनच द्या.

आणि लाल शाई स्पॉट कलर म्हणूनच, म्हणजे एकाच तयार लाल शाईनं, छापा. चार रंगांतून लाल केला की मॅजेंटा नि पिवळा केसभर जरी सरकला तरी त्या बारीक झिजेत पिवळ्या कडा दिसतात.

शिरोरेखा (शनिवार, सकाळी ८:०५)

मी पुण्यात फॉन्टचंच काम करतो, घर आपलं प्रतापनगरला. तुमचा कॅस्लन अँटिक का जमला ते आधी पाहू, मग मराठीचं उकलेल.

कॅस्लन अँटिकचा विल्यम कॅस्लनशी तसा काही संबंध नाही. कॅस्लन अठराव्या शतकातला लंडनचा, आणि हा टाइप शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यानं, १८९० च्या दशकात काढला, बर्न नडॉल यांनी रेखाटला, तेव्हा त्याचं नाव होतं फिफ्टीन्थ सेंच्युरी. कॅस्लनचं नाव मागाहून लागलं. पण झीज अक्षर रेखाटतानाच रेखाटली आणि मग धातूत ओतली. प्रत्येक अक्षराची कड कुठे दबली, कुठे तुटली हे एका माणसानं हातानं ठरवलं, त्यामुळे ती त्या अक्षराच्या हाडामासाची झाली.

दुसरं उदाहरण आय एम फेल. ऑक्सफर्डचे बिशप जॉन फेल यांनी जमवलेले टाइप, १६८६ ला ते वारले तेव्हा विद्यापीठाच्या छापखान्याला देऊन गेले. इजिनो मारिनी या इटालियन माणसानं ते डिजिटल केले, आणि धातूच्या खिळ्याची कड न घेता कागदावर शाई पसरल्यावर जी कड दिसते ती घेतली. ओपन फॉन्ट लायसन्सवर फुकट मिळतात, उतरवून मोठे करून पाहा. ओरखडे नाहीत, पांढरे ठिपके नाहीत, तरी जुने वाटतात.

तुम्ही मराठीत काय केलं, तर आजचं स्वच्छ अक्षर घेतलं आणि त्याच्यावर वरून माती टाकली. टेक्श्चरला माहीतच नाही की खाली ग आहे का ण आहे. ते शिरोरेखेवरून, काना-मात्रांवरून, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून सारखंच फिरतं.

वर्धा_रोड (शनिवार, सकाळी ९:३०)

सगळं पटतं, पण पत्रिका किती, अडीचशे? कोण भिंग घेऊन पाहणार आहे? लोक मुहूर्त पाहतात, कार्यालय पाहतात आणि फ्रिजवर लावतात. टेक्श्चर अर्ध्यावर आणा नि छापायला देऊन टाका, लग्नात कामं काय कमी असतात.

अक्षरवेडी (शनिवार, सकाळी ९:५२)

दादा, तुमचं खरं आहे, अडीचशेतले दोनशे चाळीस नाही पाहणार. पण माझी आई पाहणार, मोठे मामा पाहणार. त्यांनी मूळ पत्रिका पाहिलेली आहे, त्यांच्या आईवडिलांची आहे ती. त्यांच्या हातात मी खोटी नाही देऊ शकत.

शिरोरेखा दादा, हाडामासाचं समजलं. मग मराठी खिळा नेमका कुठे झिजतो? इंग्रजीवर हजार जागी लिहिलेलं सापडतं, आपल्या अक्षरांचं मला काही सापडलं नाही.

इतवारीकर (शनिवार, दुपारी ४:१८)

बेटा, तुझा धागा पोरानं दाखवला. मोबाइलवर बोलून लिहून राहिलो, शब्द इकडेतिकडे झाले तर समजून घे. मी तीस वर्षं खिळे जुळवले, पहिले महालात, मग इतवारीत. पत्रिकांच्या सीझनला तर रात्री एकपर्यंत.

खिळा म्हणजे शिसं, त्यात अँटिमनी नि थोडं कथील. अँटिमनीनं कडकपणा येतो, तरी शेवटी शिसंच ते. उंची इंचाला थोडी कमी, पॉइंट नऊशे अठरा इंच, आणि सगळे खिळे त्याच उंचीचे असले तरच ओळ सारखी उठते. आता खिळ्याचा चेहरा वरून अरुंद असतो आणि खाली उतरता उतरता रुंद होत जातो, म्हणून चेहरा घासला की अक्षर बारीक नाही होत, जाड होतं. नवीन लोकांना हे उलटं वाटतं. घासलेलं अक्षर जाड नि बोथट, कोपरे गोल झालेले, बारीक रेघा फुगलेल्या.

दुसरं म्हणजे खिळा घासला की तो उंचीलाही कमी होतो. त्याच्या शेजारी नव्या मालातला खिळा बसला तर नवा गडद उठणार आणि जुना फिका. एका शब्दात तीन अक्षरं गडद, एक फिकं, मग परत गडद. आम्ही मागून पातळ कागदाचा तुकडा चिकटवून तेवढी जागा उचलायचो, तरी पुरतं सारखं व्हायचं नाही. तू एकाच अक्षराच्या पोटात पांढरे ठिपके टाकले असशील, तसं आमच्याकडे लाकडी टाइपात व्हायचं, मोठ्या पोस्टरच्या अक्षरांत, किंवा रूळाला शाई कमी पडली की. बारा पॉइंटात, म्हणजे मजकुराच्या लहान मापात, नाही.

तिसरं, पोट भरतं. ध, घ, थ, भ, क्ष यांच्या गाठीत नि वाटीत शाई नि कागदाचा भुसा जाऊन बसतो. रॉकेल नि ब्रशनं धुवायचं, पण घाईत कोण नीट धुतो. म्हणून ध चा डोळा बुजलेला दिसतो, आणि त्याच ओळीतल्या ग ला काहीच झालेलं नसतं.

आणि सगळ्यात आधी काय तुटतं तर रफार. मात्रा नि वेलांटीही तुटते, पण रफार पहिला. डिग्री टाइपात काना-मात्रेचे तुकडे वेगळे, वरचा मजला वेगळा, मधला अक्षराचा, खालचा उकाराचा. अखंड टाइपात मात्रा अक्षरासोबतच ओतलेली, पण मग तिचं टोक खिळ्याच्या बाहेर लोंबतं, शेजारच्याच्या डोक्यावर. दोन्हीकडे ते टोक नाजूकच. चिमटा लागला, खिळा हातातून पडला की गेलं. नवीन माल मागवेपर्यंत तुटक्यावरच काम चालवायचं.

शिरोरेखेचं सांगायचं राहिलं. आमची शिरोरेखा कधी अखंड नव्हती बेटा. प्रत्येक खिळा वेगळा, दोन खिळ्यांच्या मधे केसभर फट राहतेच. ओळ कितीही घट्ट आवळली तरी भिंगातून पाहिली तर रेघ तुकड्या-तुकड्यांची.

पण मला एक सांग. घासलेला टाइप ही आमची लाज होती. गिऱ्हाईक पत्रिका परत आणायचं, म्हणायचं हा रफार तुटका आहे, शुभकार्यात तुटकं चालत नाही. मालक आमच्यावर चिडायचे. आम्ही अख्खी उमर स्वच्छ छापायसाठी घालवली आणि तू आता मुद्दाम तुटकं करून राहिली. वाईट वाटून नाही विचारत, समजून घ्यायचं आहे.

बोरू_शाई (शनिवार, सायंकाळी ६:०२)

काकांच्या प्रश्नाचं उत्तर अक्षरवेडीनंच द्यावं. मी सुलेखन शिकवते, म्हणून फक्त अक्षराबद्दल दोन गोष्टी.

देवनागरीला लॅटिनसारखं सेरिफ नसतं. आपल्याकडे जे जाड-बारीक आहे ते बोरूच्या तिरक्या कापामुळे आलेलं. म्हणून इंग्रजी सेरिफच्या जोडीला मराठीत कोपऱ्यांना शेपट्या लावायच्या नसतात, जाड-बारीकचा फरक तेवढा जुळवायचा. कॅस्लन अँटिकमध्ये हा फरक मध्यम आहे, मराठी अक्षरही तेवढ्याच फरकाचं घे.

दुसरं, तू फोटो टाकलास त्यात ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप तेच येतात. १९५८ ची मराठी पत्रिका आणि त्यात हिंदी श, इथेच आईची नजर अडखळेल, तिला कारण सांगता आलं नाही तरी. आपल्या राज्य सरकारनं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी ल आणि श ठरवून दिले आहेत, पण छापखान्यात ते वळण त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. जावजी दादाजींनी १८६९ ला मुंबईत निर्णयसागर सुरू केला, त्यांच्या टाइपाचं वळण कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. आधी तो श बदल, मग झिजेकडे जा.

शिरोरेखा (शनिवार, सायंकाळी ६:२०)

ताईंच्या मुद्द्याला जोडून: चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की ल आणि श आपोआप बदलतात. इनडिझाइन या पान जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू असल्याशिवाय देवनागरी नीट जुळतच नाही, ते आधी तपासा.

अक्षरवेडी (रविवार, दुपारी १:३५)

काका, तुमचं लिहिलेलं तीनदा वाचलं. मग मामाकडून भिंग आणलं, घड्याळवाल्याचं, डोळ्याला लावायचं, आणि मूळ पत्रिका घेऊन गच्चीत उन्हात बसली. जे दिसलं ते लिहून राहिली आहे.

सगळ्यात वर मधोमध "श्री" आहे, मोठा, एकाच खिळ्याचा. तो पत्रिकेतला सगळ्यात घासलेला खिळा आहे. र ची तिरकी रेघ जवळपास जाड ठिपका झाली आहे आणि वेलांटीचा गोल दबून चपटा झाला आहे. बाकी त्याच मापाची अक्षरं, वधूवरांची नावं, धारदार आहेत, कडा अगदी ताज्या. मला आधी कळेना की एकाच मापाच्या अक्षरांत एवढा फरक का, मग लक्षात आलं की नावं दर लग्नाला वेगळी, पण "श्री" मात्र प्रत्येक पत्रिकेवर तोच. मजकुरातही तसंच. "चि." आणि "सौ. कां." बोथट, "आमचे येथें श्रीकृपेंकरून" बोथट, आणि मामांच्या आजोळच्या गावाचं नाव कोरं करकरीत, कारण त्या गावाची अक्षरं किती वेळा लागत असतील.

तिथीच्या ओळीत "मार्गशीर्ष शुद्ध" आहे, शके १८८०. मार्गशीर्षात दोन रफार येतात. पहिला अख्खा आहे, दुसऱ्याचं वरचं टोक नाही. म्हणजे जुळवणाऱ्यानं केसमधून, खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, दोन रफार उचलले, एक चांगला आला, एक तुटका आला. हे पाहून मला जे झालं ते कसं सांगू. साठाहून जास्त वर्षांपूर्वी महालात कोणीतरी तो तुटका रफार बोटात धरला होता.

शिरोरेखेच्या फटी आहेत, जशा तुम्ही म्हणालात तशाच. शाई प्रत्येक अक्षराच्या कडेला गडद आणि मधे जरा फिकी आहे, जणू दाबल्यावर बाहेर सरकून काठाला जमली.

आता तुमचा प्रश्न काका. मला तुटकं नको आहे. त्या माणसानं स्वच्छ छापायची पुरेपूर कोशिश केली हे पत्रिकेवर दिसतं, ओळी सरळ आहेत, समास चारही बाजूंनी बरोबर, फिक्या अक्षरांच्या मागे कागद उचललेला, तुम्ही सांगितला तसाच. झीज त्याच्या मेहनतीतूनही जी उरली तेवढीच आहे. मी टेक्श्चर टाकून जे केलं त्यात ती मेहनतच नव्हती, नुसती मोडतोड होती. मला तो माणूस पत्रिकेत पाहिजे. तुटका रफार त्याच्याशिवाय आला तर तुमचं गिऱ्हाईक म्हणायचं तेच खरं.

इतवारीकर (रविवार, दुपारी ३:०७)

समजलो. आता तू जे करशील ते बरोबर करशील.

श्री चं तू बरोबर ओळखलं. आमच्याकडे पत्रिकेचा साचा बांधलेलाच असायचा, वरचा श्री, खालची "आपली उपस्थिती प्रार्थनीय" ची ओळ, हे सोडायचोच नाही, अख्खा सीझन तसंच उभं. नावं नि तिथी तेवढी बदलायची. म्हणून साचा घासायचा आणि नावं नवी राहायची.

धंतोली_वाचक (रविवार, सायंकाळी ५:४४)

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, त्यामुळे मजकुराबद्दल बोलते. अक्षरवेडी, तू मूळ पत्रिकेतलं "येथें", "श्रीकृपेंकरून" असं अनुस्वारांसह उतरवलंस. नव्या पत्रिकेच्या फोटोत मात्र "येथे", "योजिले आहे" आहे. १९५८ च्या छपाईत "योजिलें आहे", "गांवीं", "कांहीं", "त्यांचें" हेच येणार. उच्चारात नसलेले हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. अक्षर १९५८ चं आणि लेखन आजचं, असं झालं तर फॉन्ट कितीही घासला तरी ओळ आजचीच वाटेल. आणि प्रत्येक अनुस्वार शिरोरेखेच्या वर एक टिंब वाढवतो, त्यानं ओळीचा वरचा काठच बदलतो. जुनं मराठी पान लांबून पाहिलं तरी जे दाट दिसतं त्यात या टिंबांचा वाटा मोठा.

तुम्हाला जुनं लेखन ठेवायचं का नवं, हा घरचा निर्णय. ठेवायचं असेल तर पूर्ण ठेवा, अर्धं ठेवू नका, मी तपासून देईन.

अक्षरवेडी (रविवार, सायंकाळी ६:१०)

काकू, पूर्ण ठेवते. आज रात्री मजकूर पाठवते तुम्हाला.

शिरोरेखा (रविवार, रात्री ९:२६)

काम कसं करायचं ते आता लिहितो, तुमच्याकडे मूळ छपाई आहे म्हणजे सोनं आहे. तयार फॉन्टवर काही करू नका, पत्रिकेवरूनच अक्षरं काढा. १२०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन घ्या, थेट काळं-पांढरं नको, नाहीतर कड कुठे कापायची हे स्कॅनरच ठरवून टाकतो. ऑटोट्रेसही नको. अक्षर मागे फिकं ठेवा आणि हातानं काढा, एका अक्षराला चाळीस-पन्नास पॉइंट पुरतात, बोथट कोपरा दाखवायला दोन पॉइंट लागतात, दोनशे नाही. सक्करदरावाल्यांचा रिपही अडकणार नाही.

एकाच अक्षराची दोन-तीन रूपं काढा. "र" ओळीत चारदा येतो, चारही ठिकाणी कडेला तीच खाच दिसली की डोळा लगेच पकडतो, झिजक्या फॉन्टची ही सगळ्यात मोठी खोट. काँटेक्स्चुअल आल्टरनेट्स, आम्ही कॅल्ट म्हणतो, त्यातून रूपं आळीपाळीनं बदलता येतात. देवनागरीत ते नियम रफार, जोडाक्षरं सगळं जुळून झाल्यावर शेवटी लागतात, म्हणून रफारालाही दोन रूपं देता येतील. १९९० च्या सुमारास यूस्ट व्हान रोसम आणि एरिक व्हान ब्लोकलंड या दोन डच मुलांनी बियोवुल्फ नावाचा फॉन्ट केला होता, छापताना दरवेळी कडा आपोआप वेगळ्या व्हायच्या. तुम्हाला तेवढं नको आहे. तुमच्या पत्रिकेतला फरक नशिबानं आलेला नाही, काकांनी सांगितलं तसा वापरानं आलेला आहे, म्हणून कुठलं रूप कुठे हे तुम्हीच ठरवा.

शिरोरेखेच्या फटींचं जपून. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर चढवतो, कारण नाहीतर स्क्रीनवर लहान मापात प्रत्येक जोडावर पांढरी चीर दिसते. तुमचं काम छापायचंच आहे, तर हजार युनिटच्या चौकटीत दोन-तीन युनिटची फट काही अक्षरांना ठेवा, सगळ्यांना नको.

आणि माप. बारा पॉइंटातली झीज ताणून छत्तीसला नेऊ नका, कागदाच्या तंतूएवढी खाच तिथे खड्ड्याएवढी होते. जस्टिन हाउज यांनी कॅस्लनचे मूळ टाइप डिजिटल केले ते याच कारणानं मापामापाचे वेगळे केले. तुमच्याकडे दोन मापं आहेत, दोन फॉन्ट करा.

वर्धा_रोड (रविवार, रात्री १०:०१)

मी काल सकाळी जे लिहिलं ते मागे घेतो. आमच्या घरी वडिलांची १९६६ ची पत्रिका आहे, आत्ता काढून पाहिली. आमचाही श्री घासलेला आहे.

अक्षरवेडी (तीन आठवड्यांनी, बुधवार, रात्री १२:२०)

प्रूफ निघालं. उशीर झाला कारण नोकरी सांभाळून रात्री अक्षरं काढत होती.

इतवारीत एका गल्लीत ट्रेडल मशीन, म्हणजे खिळ्यांच्या छपाईचं जुनं दाबयंत्र, आहे, आता तिच्यावर बिलबुकांचे नंबर टाकणं आणि कार्डांना क्रीज मारणं एवढंच काम होतं. काका सोबत आले, त्यांनीच मालकांशी बोलणं केलं. फॉन्टवरून पॉलिमर प्लेट, म्हणजे उठलेल्या अक्षरांची प्लास्टिकसारखी प्लेट, करून घेतली होती, ती लाकडी बेसवर चिकटवून चढवली. पहिलं प्रूफ पाहून माझा जीवच गेला, सगळं भसाभस जाड, ध, भ, श्री सगळ्यांचे डोळे बंद. काकांनी भिंग घेतलं, पाहिलं, आणि म्हणाले, "तू शाई पसरलेली अक्षरं काढली आणि आता खरी शाई परत पसरली." अगदी तेच झालं होतं. मी स्कॅनवरून काढलं म्हणजे १९५८ चा दाब अक्षरात आधीच आलेला, त्यावर मशीनचा दाब दुसऱ्यांदा. घरी येऊन ट्रेडलसाठी वेगळा, बारीक कडांचा फॉन्ट केला, शाई पसरायला जागा सोडून. आधीचा जाड फॉन्ट ऑफसेटसाठी ठेवला, इंग्रजी बाजू तशीही तिकडेच छापायची होती.

दुसरं प्रूफ चांगलं आलं. पण मार्गशीर्षाचा दुसरा रफार पाहून काकांनी मान हलवली. मी टोक सरळ कापलं होतं, ताजं तुटल्यासारखं. त्यांनी खिशातून एक डबी काढली, तंबाखूची रिकामी डबी, तिच्यात सात-आठ जुने खिळे होते, एक तुटका रफारही. माझ्या बोटावर ठेवला. टोक गुळगुळीत होतं. "तुटलेलं टोक एकच दिवस धारदार राहतं," म्हणाले, "मग रॉकेल नि ब्रश त्याला गोल करून टाकतो. तुझा रफार काल तुटला, हा आपल्याकडे दहा वर्षं तुटका होता." मी तिथंच लॅपटॉप उघडला आणि दोन पॉइंट सरकवून टोक गोल केलं.

श आणि ल बोरू ताईंनी पाहिले. अनुस्वार धंतोलीच्या काकूंनी तपासले, चार माझे राहिले होते आणि एक जास्तीचा होता.

बोरू_शाई (बुधवार, सकाळी ७:१५)

श छान बसला आहे. "शुद्ध" मधल्या श चा उकार जरा दूर वाटतो, पण मूळ पत्रिकेतही तसाच आहे ना? डिग्री टाइपात खालचा मजला वेगळा असल्यानं. तसं असेल तर हात लावू नकोस.

अक्षरवेडी (बुधवार, सकाळी ७:४०)

हो ताई, मूळ पत्रिकेतही तेवढाच दूर आहे. ठेवते.

इतवारीकर (पुढचा सोमवार, दुपारी २:५०)

बेटा, पत्रिका पोचली. पोरगा म्हणाला बाबा वाचा, मी पहिले उलटी केली आणि मागून बोट फिरवलं. दाब सारखा आहे, खालच्या डाव्या कोपऱ्यात थोडा जास्त, मालकाला सांग पॅकिंगचा, म्हणजे मागच्या भरावाचा, एक कागद काढ. रफार बरोबर आहे. लग्नाला येतो.

सक्करदरा_ऑफसेट (सोमवार, दुपारी ३:३०)

ताई, फॉन्ट देणार का वापरायला? पॉइंट मोजले मी, बारा पॉइंटवाल्यात कुठलंच अक्षर साठाच्या वर नाही, हे तर पुस्तकालाही चालेल.

अक्षरवेडी (सोमवार, रात्री ९:१८)

देईन, ओपन फॉन्ट लायसन्सवर टाकायचा विचार आहे, पण अजून अर्धा आहे. पत्रिकेत जी अक्षरं होती तेवढीच झालीत. ङ नाही, ढ नाही, ऐ नाही, जोडाक्षरं निम्मी नाहीत, आणि आकड्यांत ३ नि ६ नाहीत. मी मनानं काढू शकते, पण मनानं काढलेल्या ढ ला झीज कुठली देऊ?

कोणाच्या घरी १९६२ च्या आधीचं विदर्भात छापलेलं काही असेल, पत्रिका, हँडबिल, नाटकाची जाहिरात, दुकानाची पावती, तर १२०० डीपीआयला ग्रेस्केल स्कॅन करून टिफमध्ये द्या. जेपीजी नको, ते कडेची शाई खाऊन टाकतं. व्हॉट्सअ‍ॅपवरही नको. कागद ठिसूळ झाला असेल तर स्कॅनरचं झाकण दाबू नका, मला सांगा, मी नागपुरात कुठेही येऊन स्कॅन करून देईन.